खडूनं लिहिलेली बातमी

माझं अक्षर चांगलं होतं, तिथूनच सगळी भानगड सुरू झाली. नसतं तर बरं झालं असतं, असं माझी आई अजून म्हणते. मला तसं वाटत नाही, पण आईशी कोण डोकं लावणार!

आमचं गाव आष्टीच्या अलीकडं. शाळा संस्थेची, दहावीपर्यंत. शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीत सिमेंटचा एक काळा फळा केलेला होता. वरच्या अर्ध्यात सुविचार, खालच्या अर्ध्यात 'आजची बातमी'. मी नववीत गेले तेव्हा मोठ्या सरांनी, म्हणजे हेडमास्तरांनी, तो फळा माझ्या ताब्यात दिला. बातमी पेपरातून उतरवायची. आता पेपर यायचा एसटीनं आणि एसटी यायची तिच्या मनानं. कधी दुपारी, कधी दुसऱ्या दिवशी, कधी नाहीच. मी सरांना विचारलं, तर म्हणाले, "मंग गावातली एखादी बातमी टाकून दी. पण फळा रिकामा दिसला न्हाई पाह्यजे. साहेब लोक येतात."

झालं! मला तेवढंच पाहिजे होतं. मी गावातल्या बातम्या टाकायला लागले. 'काल आष्टीची गाडी आली नाही. बाजाराला गेलेली माणसे चालत आली.' 'चौथीतल्या एका मुलाने गुरुजींची चप्पल विहिरीत टाकली. शोध चालू आहे.' लोक पेपर वाचत नव्हते पण फळा वाचायचे. गिरणीवर दळण घेऊन निघालेल्या बाया थांबायच्या आणि पोरांकडून वाचून घ्यायच्या. एक म्हातारा रोज मला विचारायचा, "काय म्हणतंय आज तुमचं आकाशवाणी केंद्र?" एकदा मी लिहिलं की वरच्या आळीतल्या हापशाचा दांडा तुटलाय आणि बाया दोरी बांधून पाणी काढून राहिल्यात. आठवड्याच्या आत ग्रामपंचायतीनं नवा दांडा बसवला. बापरे, काय हवा गेली माझ्या डोक्यात! मला वाटलं, आपण लिहितो आणि होतं. असं फक्त मलाच वाटलं असतं तर चाललं असतं. माझ्या मैत्रिणीलाही तसंच वाटलं.

आणखी एक काम माझ्याकडं होतं. परिपाठात, म्हणजे सकाळच्या प्रार्थनेच्या वेळेला, संविधानाची प्रास्ताविका सांगायचं. मी पुढं म्हणायचे आणि मागून सगळी शाळा. हे काम पाचवीपासून माझंच. मोठे सर म्हणाले होते, "तू सांग बाई, ते तुमचंच हे." तुमचंच म्हणजे कुणाचं, ते अख्ख्या शाळेला कळलं. आमचं घर गावाच्या त्या टोकाला, बुद्धविहाराच्या मागं. त्या बोलण्याचा मला राग यायचा आणि गर्वपण वाटायचा, दोन्ही एकदम. मी छाती काढून म्हणायचे. विचाराचं स्वातंत्र्य, अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य. सरांचा हात त्या वेळेला शिपायाला चहा सांगण्यात गुंतलेला असायचा.

मैत्रीण माझ्या बाकावर बसायची. तिचं घर मोठं. मोसंबीची बाग, कापूस, विहिरीला उन्हाळ्यातही पाणी. माझी आई त्यांच्याच रानात कापूस वेचायला जायची. तिच्या आईला आमचं एका बाकावर बसणं बिलकुल खपायचं नाही. ती मात्र माझ्या डब्यातली ज्वारीची भाकर आणि ठेचा खाऊन स्वतःच्या पोळ्या मला द्यायची आणि घरी जाऊन काही सांगायची नाही. अभ्यासात बेताचीच होती. पण पळायची! असं पळायची की आमचे खेळाचे सर घड्याळ दाबायचं विसरायचे. तालुक्याला अनवाणी पळून पहिली आली. तिला पोलीस भरती व्हायचं होतं, बारावी झाली की. मला म्हणायची, "मी पोलीस झाले ना, की आधी मोठ्या सरालाच आत टाकीन."

"कामून गं?"

"लई मारतो. आणि हिशोबात न्हाई धरत पोरींला."

पहाटे ती आष्टी रोडला पळायची, चुलतभाऊ सायकलवर मागं. दिवाळीनंतर तिचं पळणं बंद झालं. मी विचारलं तर म्हणाली, पाय दुखतो. मग एका दिवशी मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागं मला ओढत घेऊन गेली.

"माझं ठरलंय."

"काय ठरलंय?"

"लगन. ह्या रविवारी."

मी म्हणाले, "याड लागलं का? चौदा वर्षांची हेस तू."

"भोकरदनकडचा पोरगा हे. ट्रॅक्टर हे म्हणं त्याच्याकडं."

"मंग ट्रॅक्टरसंगंच लावून द्या म्हणावं."

ती हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. मला काय करावं तेच कळेना. टाकीवर बालविवाह थांबवायचा नंबर रंगवलेला होता, आम्ही त्याच्याच खाली उभ्या होतो. पण फोन करायचा कुणाच्या मोबाईलवरून? तिच्या बापाच्या? माझ्या बापाच्या मोबाईलवरून केला असता तर दुसऱ्या दिवशी आमच्या घराचं काय झालं असतं ते मलाही ठाऊक होतं आणि तिलाही.

मग तीच म्हणाली, "तू फळ्यावर लिही."

"येडी का तू?"

"तुला सरांनीच सांगितलंय ना गावातली बातमी टाक म्हणून? मंग ही गावातलीच हे. हापशाचा दांडा बसवला का न्हाई? उद्या केंद्रप्रमुख येणार हेत शाळा तपासायला. ते वाचतील. वाचल्यावर थांबवावंच लागंल त्यांला."

मला ते पटलं. आजही मला त्यात काही चुकीचं दिसत नाही. गावात कोण बोलत नव्हतं त्या लग्नाबद्दल? आष्टीला बस्ता बांधून झाला होता. सोनाराला माहीत होतं, किराणावाल्याला माहीत होतं, आमच्या वर्गशिक्षकाला माहीत होतं. गिरणीवर बाया पोराचं शिक्षण नि जमीन विचारत होत्या. जे सगळं गाव तोंडानं बोलून राहिलं ते खडूनं लिहिलं तर काय बिघडलं, असं आम्हाला वाटलं. आमचा घोळ झाला तो इथं. बोलायला कुणाचीच ना नव्हती. लिहायला होती.

ती म्हणाली, "नाव लिही बरं का. न्हाई तर म्हणतील दुसऱ्याच कुणाचं तरी हे."

दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन मी लिहिलं. तिचं नाव, बापाचं नाव, आडनाव. येत्या रविवारी लग्न आहे. मुलाचं गाव अमुक. मुलीचं वय चौदा. 'तिला दहावीला बसायचे आहे.' हे शेवटचं वाक्य ती शेजारी उभी राहून सांगत होती. लिहून झाल्यावर तिनं मागं सरकून वाचलं आणि म्हणाली, "काय मस्त अक्षर हे गं तुझं."

केंद्रप्रमुख साहेब मोटारसायकलवर आले. मी वर्गाच्या खिडकीतून बघत होते. हेल्मेट काढता काढता त्यांचं लक्ष फळ्याकडं गेलं. त्यांनी वाचलं. हेल्मेट हातात धरून परत वाचलं. आजूबाजूला कुणी बघतंय का ते पाहिलं आणि ऑफिसात गेले. मी मैत्रिणीला कोपर मारलं. "वाचलं!" ती बाकाखाली माझा हात इतका दाबून राहिली की माझी बांगडी रुतली. मग ऑफिसात चहा गेला. मग भजे गेले. भजे गेले तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती.

थोड्या वेळानं शिपाई आला आणि तिला घेऊन गेला. बराच वेळ ती आली नाही. मला पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर जाता आलं तेव्हा पाहिलं, तर फळा पुसलेला. खालचा अर्धा ओला, काळाभोर. वरचा सुविचार जसाच्या तसा होता. ती वर्गात परत आली तेव्हा तिची ओढणी ओली होती. मला वाटलं रडली असंल, तोंड धुतलं असंल.

"काय म्हणले?"

"काही न्हाई. सर तसे चांगले हेत गं," ती म्हणाली. "बापाला समजावून सांगतो म्हणले. दहावी होऊ देऊ म्हणले. साहेबासमोर म्हणले."

खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी तिच्या पाठीत धपाटा घातला.

मग माझी बारी आली. साहेब गेल्यावर सरांनी मला ऑफिसात बोलावलं. "हात पुढं कर. उजवा." डस्टरची लाकडी बाजू बोटांवर. पेरांवर बरोबर नेम धरून. "तुला बातमी टाकायला सांगितल्ती. गावाची अब्रू वेशीला टांगायला न्हाई सांगितलं."

मी म्हणाले, "सर, खोटं हे का ते?"

"खरं का खोटं ते मी ठरवणार. तू कोण गं? तुझी माय कुणाच्या रानात कामाला जाते ते तरी ध्यानात ठेवायचं." आणि परत एकदा डस्टर. मी रडले नाही. त्यांना ते जास्त लागलं असावं, कारण त्यांनी तिसऱ्यांदा हात पुढं करायला लावला.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी सुजलेल्या बोटांनी उभी राहून प्रास्ताविका सांगितली. फळा काढून घेतला होता, पण हे काम नाही काढलं. "ते तेवढं तुझ्याकडंच राहू दी," सर म्हणाले होते. प्रास्ताविका संपली आणि सर माईकवर आले. "आता आजची बातमी."

माझी मैत्रीण पुढं आली. हातात कागद. गेटाबाहेर तिचा बाप मोटारसायकलवर बसलेला, गाडी चालूच. एका सरांनी मोबाईल वर धरला, शूटिंग करायला. साहेबांना पुरावा पाहिजे होता ना! तिनं वाचलं. काल फलकावर माझ्याबद्दल लिहिलेली बातमी खोटी आहे. माझे लग्न झालेले नाही आणि ठरलेलेही नाही. ती बातमी माझ्या मैत्रिणीने खोडसाळपणाने लिहिली. मी हे कुणाच्याही दबावाशिवाय सांगत आहे. एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते.

दोन शब्द! सवयीनं सगळ्या शाळेनं टाळ्या वाजवल्या. परिपाठात कुणी काही वाचलं की टाळ्या वाजवायच्या असतात. माझेही हात उचलले गेले, बोटं ठणकली तेव्हा मला कळलं मी काय करून राहिले ते.

सर म्हणाले, "अजून एकदा. मोबाईलमधी आवाज बराबर आला न्हाई. जरा खडा आवाज काढ. आणि अशी मान खाली न्हाई घालायची, कॅमेऱ्याकडं पाहाय." तिनं परत वाचलं. खड्या आवाजात, मान वर करून. का नाही वाचणार? तिला वाटत होतं हे वाचलं की दहावी. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. ती सरांकडं बघून थोडीशी हसलीसुद्धा. बरोबर वाचलं ना सर, असं.

त्या दिवसापासून आईला कापूस वेचायला बोलावणं बंद झालं. मैत्रिणीच्या बापानं बंद केलं, मग त्याच्या भावानं केलं, मग शेजारच्यानं. गावात जिकडं जाईल तिकडं "काम न्हाई बाई." आईनं मला दाणे मोजायच्या पायलीनं मारलं, कुठं लागतंय ते न बघता. "तुझ्या बापाचं काय जात होतं त्या पोरीचं लगन झालं असतं तर?" बाप कोपऱ्यात बसून बिड्या ओढत राहिला. फक्त एवढंच म्हणाला, "लिहिलं ते खरं होतं का?" मी म्हणाले, हो. तो म्हणाला, "मंग मारू नको तिला." आईनं तरी आणखी दोन दिल्या.

रविवारी लग्न झालं.

गावात नाही, तिकडं भोकरदनच्या अंगाला, पोराच्या एका पाहुण्याच्या उसाच्या रानात. मांडव नाही, बँड नाही. पत्रिका छापायला दिली होती ती परत घेतली. फोटोवाल्याला सांगितलेलं होतं, त्याला नाही म्हणून कळवलं. वऱ्हाड उतरलं तसे सगळ्यांचे मोबाईल एका पिशवीत गोळा केले आणि निघताना परत दिले. माझ्या बातमीनं एवढं मात्र केलं, की त्या लग्नाची कसलीच खूण मागं राहू नये म्हणून सगळ्यांनी काळजी घेतली. सोमवारी हे सगळं मला गावानंच सांगितलं. हसून हसून सांगितलं. "तुह्यामुळं बुंदी पंक्तीत वाढायच्या आधीच निघावं लागलं," एक जण म्हणाली.

सोमवारी मोठे सर शाळेत आले तर त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर हळदीचा डाग. अक्षता तिथं पडल्या असतील आणि त्यांनी झटकल्या असतील. मी त्या डागाकडं बघत राहिले. "काय पाहती?" ते म्हणाले. "प्रास्ताविका सांग."

मी सांगितली. शिव्या दिल्या असत्या तर जास्त बरं झालं असतं. पण तोंडातून तेच निघालं, पाठ झालेलं.

वार्षिक परीक्षेला तर कमालच झाली. नागरिकशास्त्राच्या पेपरात प्रश्न आला, अभिव्यक्ती स्वातंत्र्य म्हणजे काय ते थोडक्यात लिहा. मी पुस्तकातलं उत्तर उतरवलं. पैकीच्या पैकी मार्क. शेजारी लाल पेनानं 'अक्षर सुंदर'. तो पेपर मी घरी चुलीत घातला.

पुढं मी शिकले. जालन्याला कोर्टासमोर माझं टायपिंगचं छोटं दुकान आहे. लोक सांगतात ते मी शपथपत्रावर टाईप करते. लोक खोटं सांगतात तेही करते, आपल्याला काय त्याचं! मैत्रीण मला मधे एकदाच दिसली होती, जालन्याच्या बाजारात. सासूच्या मागं, पदर डोक्यावर, हातात मेथीच्या जुड्या. मी हाक मारली. तिनं पाहिलं आणि तोंड फिरवलं. मला राग आला. लई राग आला. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात तिला भांडत होते, की तुझ्यापायी माझ्या आईची रोजी गेली आणि तू साधी ओळख देत नाहीस.

ह्या उन्हाळ्यात ती दुकानात आली. मी ओळखलंच नाही. वाळून कोळ झालेली. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "पाणी दी गं. आष्टी रोडवरनं पळत आल्यासारखं झालं मला." तेव्हा ओळखलं.

तिला मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरी करून आणली. दुसरीला दिवस गेले तसं हिला पिशवी हातात देऊन भोकरदनच्या स्टँडवर बसवून दिलं. बाप गेला. भाऊ म्हणतो, तुझं तू बघ. वकील केला, पोटगीचा दावा लावायचा म्हणून. वकील म्हणाला, आधी लग्न झाल्याचं दाखवा. पत्रिका? नाही. फोटो? नाही. आधार कार्डावर नाव? बापाचंच, सासरच्यांनी कधी बदलू दिलं नाही. लग्नाला हजर असलेला माणूस? ती गावभर फिरली. उसाच्या रानात बसून जेवलेली माणसं, एकेकाच्या दारात गेली. सगळे म्हणाले, आम्ही नव्हतो बाई. कसे म्हणतील होतो? चौदा वर्षांच्या पोरीच्या लग्नात जेवलो असं कोर्टात कोण सांगणार?

आणि सासरच्यांनी काय काढलं असेल? तो व्हिडिओ. तेव्हा मोठ्या सरांनी तिच्या बापाला दिला होता, बापानं व्याह्याला दिला होता, कुणी विचारलं तर दाखवा म्हणून. त्यांनी तो जपून ठेवला. मोबाईल बदलले, व्हिडिओ नाही हरवला. शाळेच्या ड्रेसमधली माझी मैत्रीण, मान वर करून, खड्या आवाजात, माझे लग्न झालेले नाही. शूटिंग लग्नाच्या आधीचं, पण त्यावर तारीख कुठं होती! सासरचा वकील म्हणाला, पोरगी स्वतःच सांगतेय. हिला आम्ही रानात कामाला ठेवली होती. आवाजसुद्धा किती स्वच्छ आहे बघा, म्हणाला.

मी दुकान बंद केलं आणि तिला घेऊन मोठ्या सरांच्या घरी गेले. ते आता रिटायर होऊन जालन्यातच राहतात. झोका, तुळस, दारात चकचकीत टाईल. आम्हाला त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. मला म्हणाले, "तुझ्या अक्षराची अजून आठवण निघते बरं. तसं अक्षर पुन्हा मिळालं न्हाई शाळेला."

मी म्हणाले, "सर, तुम्ही लग्नाला होता. तेवढं सांगा कोर्टात. बाकी काही नको."

"कुठलं लगन?"

"सर, तुमच्या खांद्यावर हळद होती सोमवारी."

त्यांनी झोक्याला पायानं एक हेलकावा दिला. मग हसले. "घरी काहीतरी कार्यक्रम असंल. बेटा, मी शिक्षक माणूस. बालविवाहाला मी जाईन का?" मग तिच्याकडं वळून, अगदी मायेनं, "तूच सांगितल्तं ना परिपाठात? मी तर तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला. विद्यार्थ्यावर विश्वास ठेवायचा न्हाई तर कुणावर ठेवायचा?"

माझ्या हातातला कप मी त्यांच्या त्या टाईलवर आपटणार होते. मैत्रिणीनं माझं मनगट धरलं. तिनं आपला चहा पूर्ण प्यायला, कप बशीत नीट ठेवला आणि निघताना त्यांच्या पाया पडली. पाया पडली! ते म्हणाले, "सुखी रहा."

बाहेर रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. मी तोंडाला येईल ते बोलत सुटले होते, सरांना, तिला, तिच्या मेलेल्या बापाला. ती ऐकतच नव्हती. एका बंद दुकानाच्या सावलीला थांबली आणि म्हणाली, "मी तुझ्याकडं वेगळ्याच कामाला आल्ते. तू लिहिल्तं ना गं फळ्यावर? नाव, गाव, वार, सगळं बराबर लिहिल्तं. लगनाचं तेवढं एकच लिहिलेलं हे कुठं. त्याचा फोटो काढला असंल का कुणी? त्या केंद्रप्रमुखानं, न्हाई तर कुणी?"

"फोटो कोण काढणार गं," मी म्हणाले. "खडूनं लिहिल्तं. सरांनी तेव्हाच्या तेव्हा पुसलं. मी पाह्यला ना पुसलेला फळा."

"सरांनी न्हाई," ती म्हणाली. "मी पुसलं. सर म्हणले, तुझ्या हातानं पुस, दहावीला मी बसवतो. फडकं सापडंना म्हणून मी माझी ओढणी भिजवली. चांगलं घासून पुसलं गं, एक अक्षर ठिवलं न्हाई."